हवेचा ब्रेक गाडी थांबवतो, धरून ठेवत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मालगाडी चालकाशिवाय धावत सुटली की बातमीत ‘ब्रेक निकामी झाल्याने’ एवढेच कारण छापून येते. गेल्या काही दशकांतले अशा प्रकारचे मोठे अपघात तपासले, तर अनेकदा ब्रेकचा एकही भाग तुटलेला नव्हता असे दिसते. गाडी ज्या ब्रेकच्या भरवशावर उभी करून माणसे निघून गेली, तो ब्रेक तासन्‌तास गाडी धरून ठेवण्यासाठी बनवलेलाच नव्हता. ठाणे जिल्ह्याच्या एका टोकाला कसारा घाट आहे, दुसऱ्या बाजूला दिवा-पनवेल मार्ग, त्यावरचे तळोजा, कळंबोली आणि पुढे जासई, जेएनपीटी बंदर. मधल्या कल्याणला कसारा आणि बोर या दोन्ही घाटांतून उतरणारी वाहतूक एकत्र येते. तुर्भे आणि कळंबोलीच्या मालधक्क्यांभोवती दाट वस्ती झाली आहे. म्हणून हा विषय इथल्या वाचकांपुढे आकड्यांसह मांडत आहोत. पत्र लांबले आहे, पण यातले काही गाळले तर उरलेले समजणार नाही.

आधी यंत्रणा पाहू. इंजिनातला कॉम्प्रेसर हवा दाबतो आणि ती गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणाऱ्या ब्रेक पाइपात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाबाने भरली जाते. प्रत्येक वाघिणीखाली एक डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह, १०० लिटरची ऑक्झिलरी टाकी, एक छोटी कंट्रोल टाकी आणि ब्रेक सिलिंडर असतो. लोको पायलट ब्रेक लावतो म्हणजे पाइपातला दाब उतरवतो. दाब उतरला की डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्ह त्याच वाघिणीच्या टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडतो, पिस्टन बाहेर येतो आणि तरफा-दांड्यांमधून जोर ब्रेक ब्लॉकवर जाऊन ते चाकाला आवळतात. अर्धा किलो दाब उतरवला की हलका ब्रेक लागतो. दीड किलोच्या आसपास उतरवला की पूर्ण ब्रेक लागतो, तेव्हा सिलिंडरमध्ये सुमारे ३.८ किलो दाब असतो. कपलिंग तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तरी पाइप फाटून दाब शून्यावर येतो आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप लागतात. धावत्या गाडीसाठी ही रचना उत्तम आहे.

उभ्या गाडीसाठी मात्र तिची मर्यादा इथेच सुरू होते. लागलेला ब्रेक वाघिणीच्या टाकीतल्या हवेवर टिकतो, आणि हवा गळते. वाघिणीच्या चाचणीत ब्रेक सिलिंडरमधून ५ मिनिटांत ०.१ किलोपर्यंत गळती चालते. म्हणजे चाचणीत पास झालेल्या वाघिणीतूनही तासाला १.२ किलो दाब जाऊ शकतो. टाकी वरून भर घालत राहते हे धरले, तरी काही तासांत ब्रेक सैल होतो. रबरी वॉशर जुने झाले असतील, पाइपाच्या जोडांत कचरा असेल, तर त्याहून लवकर. शिवाय प्रत्येक वाघिणीची गळती वेगळी असते. त्यामुळे ब्रेक एकदम सुटत नाही, एकेका वाघिणीचा सुटत जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. उरलेल्या वाघिणींना भार पेलवेनासा झाला की गाडी हलते.

कॅनडातल्या क्विबेक प्रांतात लाक-मेगांटिक गावी ६ जुलै २०१३ च्या पहाटे जे घडले, ते मालगाडीशी संबंध असलेल्या प्रत्येकाने पायरी-पायरीने समजून घ्यावे असे आहे. ७२ टँकरभर कच्चे तेल घेऊन आलेली गाडी गावापासून साडेअकरा किलोमीटर अलीकडे, नांत येथे मुख्य मार्गावरच रात्रीसाठी उभी केली गेली. तिथला उतार सुमारे १.२ टक्के, म्हणजे साधारण ८३ मीटरला १ मीटर. गाडीवर एकच चालक होता. त्याने ५ इंजिने आणि त्यांच्या मागचे २ डबे असे ७ हँडब्रेक, म्हणजे हवेशिवाय, हाताने चाक फिरवून आवळायचे ब्रेक, लावले. त्या कंपनीच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे ९ लावायला हवे होते. नंतरच्या चौकशीत असे निघाले की त्या उतारावर ती गाडी धरायला १७ ते २६ हँडब्रेक लागले असते.

मग ७ हँडब्रेक पुरेसे आहेत असे त्याला का वाटले? त्याने खात्री करून पाहिली होती. पण ती करताना इंजिनांचा स्वतंत्र हवेचा ब्रेक लागलेलाच होता. गाडी हलली नाही, कारण हवा तिला धरून होती. या अपघाताचे मूळ आमच्या मते इथे आहे. बाकी सगळे त्यानंतरचे.

चालू ठेवलेल्या पुढच्या इंजिनाची आधी ठिगळ लावून दुरुस्ती झालेली होती. त्यातून धूर येत होता. रात्री त्याला आग लागली. अग्निशमन दलाने आग विझवली आणि नियमाप्रमाणे इंजिन बंद केले. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. इंजिनांच्या ब्रेकमधली हवा हळूहळू गळत गेली. पूर्ण गाडीचा स्वयंचलित ब्रेक लावलेला नव्हता. तासाभराने, एक वाजायच्या सुमारास, गाडी सुटली. गावात पोचेपर्यंत तिचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. ६३ टँकर घसरले, सुमारे ६० लाख लिटर तेल सांडून पेटले, ४७ माणसे गेली, गावाचा मध्यभाग जळून गेला. चौकशी मंडळाने अपघातामागची एकूण १८ कारणे नोंदवली. त्यात चालकाने कमी लावलेले हँडब्रेक होते, तशी देखभाल, प्रशिक्षण आणि देखरेखीतली ढिलाईही होती. ज्या तीन कर्मचाऱ्यांवर खटला चालला ते २०१८ मध्ये निर्दोष सुटले. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दोघातिघांना निलंबित करून जे प्रकरण मिटवतात, त्यांनी १८ कारणांची ही यादी वाचावी.

२०१४ मध्ये कॅनडाने नियम बदलला. कोणत्या उतारावर, किती टनांच्या गाडीला कमीत कमी किती हँडब्रेक, याचे कोष्टकच दिले. तरीही ४ फेब्रुवारी २०१९ रोजी ब्रिटिश कोलंबियातल्या फील्डजवळ ११२ वाघिणींची धान्याची गाडी सुटली. २.२ टक्के उतारावर ती इमर्जन्सी ब्रेकने उभी होती, हँडब्रेक लावलेले नव्हते. कडाक्याच्या थंडीत गळती वाढली आणि सुमारे तीन तासांत ब्रेकने दम सोडला. नुकतीच गाडी ताब्यात घेतलेले तिघे कर्मचारी मरण पावले. चार दिवसांतच तिथल्या सरकारने आदेश काढला की डोंगरी उतारावर इमर्जन्सी ब्रेकने थांबलेल्या गाडीला हँडब्रेक लावलेच पाहिजेत. इमर्जन्सी ब्रेक म्हणजे सर्वांत मोठा ब्रेक, मग आणखी काय हवे, ही समजूत किती घातक आहे ते इथे दिसते. इमर्जन्सीतही हवा त्याच टाकीतली असते आणि ती तशीच गळते.

आपल्या देशातली उदाहरणे ताजी आहेत. २५ फेब्रुवारी २०२४ रोजी जम्मू-काश्मीरमधल्या कठुआ स्थानकात उभी असलेली, खडीने भरलेली ५३ वाघिणींची मालगाडी चालकाशिवाय निघाली आणि ७० किलोमीटरहून अधिक अंतर कापून पंजाबात उंची बस्सीजवळ थांबली. हँडब्रेक नीट लावलेले नव्हते. वाटेतली फाटके वेळीच बंद केली गेली, रुळांवर लाकडी ओंडके आणि वाळूची पोती टाकून वेग मारला गेला, म्हणून कोणी दगावले नाही. ७ एप्रिल २०१८ रोजी ओडिशात टिटलागड स्थानकात इंजिन बदलताना अहमदाबाद-पुरी एक्सप्रेसचे २२ डबे प्रवाशांसह सुटले आणि केसिंगाच्या दिशेने सुमारे १३ किलोमीटर गेले. चाकांखाली स्किड, म्हणजे चाक अडवणारे अडसर, लावलेले नव्हते. जून २०२३ मध्ये ओडिशातच जाजपूर केओंझर रोड स्थानकात वादळी पावसापासून आडोसा म्हणून मजूर उभ्या वाघिणींखाली बसले होते. इंजिन नसलेल्या त्या वाघिणी वाऱ्याच्या जोराने सरकल्या आणि किमान ६ मजूर चिरडले गेले.

वाऱ्याने वाघिणी कशा सरकतील, असे वाचकांना वाटेल. पूर्ण भरलेल्या एका बॉक्सएन, म्हणजे उघड्या, वाघिणीचे वजन चार आसांपैकी प्रत्येकावर २२.९ टन धरून ९१.६ टन होते. अशा ५८ वाघिणी म्हणजे सुमारे ५,३०० टन. स्थानकाच्या यार्डात जास्तीत जास्त ४०० मीटरला १ मीटर उतार चालतो, शक्यतो १,२०० ला १ ठेवावा अशी शिफारस आहे. ४०० ला १ हा उतार डोळ्याला सपाटच दिसतो. पण ५,३०० टनांच्या गाडीला तो सव्वातेरा टनांनी खाली ओढत असतो. रोलर बेअरिंगवर चाके इतकी हलकी फिरतात की संथ चालताना गाडीचा स्वतःचा विरोध टनामागे जेमतेम दीड-दोन किलो असतो, म्हणजे सगळा मिळून आठ ते साडेदहा टन. सुरुवातीला अडकलेली चाके सुटायला थोडा जास्त जोर लागतो. तो एखाद्या शंटिंगच्या धक्क्याने किंवा वाऱ्याने मिळाला की पुढे उतार काम करतो. रिकाम्या रेकला, म्हणजे जोडलेल्या वाघिणींच्या रांगेला, वारा आणखी सहज लागतो, कारण पत्र्याचा पसारा तेवढाच आणि वजन चौथाई.

उतार १०० ला १ असेल तर गणित असे होते. पहिल्या १० सेकंदांत गाडी ४ मीटर सरकते आणि वेग ताशी ३ किलोमीटर असतो, चालत गाठता येईल इतका. अर्ध्या मिनिटाला वेग साडेआठ किलोमीटर होतो. एक किलोमीटर गेल्यावर ४५, दोन किलोमीटरला ६४. म्हणजे सुटलेल्या गाडीवर चढून हँडब्रेक फिरवायला माणसाच्या हातात फार तर अर्धे मिनिट असते, आणि तेवढ्यात एखाद-दुसऱ्याच वाघिणीचा ब्रेक लागेल. कसारा आणि बोर घाटात चढ ३७ ला १ आहे. तिथे मोकळी सुटलेली गाडी पहिल्याच किलोमीटरला ताशी ८० पर्यंत जाते. गाडी सुटल्यावर करायचे उपाय म्हणूनच जवळजवळ नाहीत. जे करायचे ते ती उभी असतानाच.

ते कसे करायचे याचे नियम आपल्याकडे आहेत. सामान्य नियम ५.२३ स्थानकात उभी वाहने सुरक्षित बांधण्याबद्दलच आहे. प्रचलित पद्धत अशी की रेकच्या दोन्ही टोकांच्या किमान सहा-सहा वाघिणींचे हँडब्रेक, चाक आणि रूळ यांना साखळी गुंडाळून कुलूप, आणि चाकांखाली लाकडी पाचरी. नियमातली त्रुटी आम्हाला दोन ठिकाणी दिसते. एक, सहाचा आकडा उतार आणि वजन पाहून बदलत नाही. दोन, हँडब्रेक धरतात की नाही हे हवेचा ब्रेक पूर्ण सोडून तपासण्यावर पुरेसा भर नाही.

हँडब्रेकचे चाक फिरवले म्हणजे ब्रेक लागला असे होत नाही. चाक फिरते पण आतली दांडी सुटलेली असते. पिन गायब असते. गंजलेला स्क्रू अर्ध्यात अडतो आणि फिरवणाऱ्याला वाटते की पूर्ण आवळला. खात्री करायची ती वाघिणीच्या चाकाशी. प्रत्येक चाकावर ब्लॉक टेकला आहे का ते वाकून पाहायचे, ब्लॉकवर बुटाने ठोकर मारायची. खुळखुळला तर तो हँडब्रेक मोजायचा नाही, पुढच्या वाघिणीचा लावायचा. आणखी एक फसगत आहे. हवेचा ब्रेक लागलेला असताना तरफा आधीच ताणलेल्या असतात. त्या वेळी हँडब्रेक थोडाच फिरवला तरी घट्ट वाटतो. हवा उतरल्यावर तो खरा किती उरतो हे तेव्हाच कळते. म्हणून क्रम महत्त्वाचा. पूर्ण ब्रेकवर गाडी उभी करावी. उताराकडच्या टोकापासून हँडब्रेक आवळत यावे. पाचरी उताराच्या बाजूने चाक आणि रुळाच्या सांध्यात ठोकून बसवाव्यात. रूळ ओला किंवा तेलकट असेल तर आधी पुसून वाळू टाकावी, नाहीतर पाचर चाकाबरोबर घसरत जाते. मग ब्रेक पाइप पुन्हा ५ किलोला भरून गाडीचा ब्रेक सोडावा आणि इंजिनाचा स्वतंत्र ब्रेकही सोडावा. आपल्या मालवाघिणींच्या सिलिंडरमधून हवा पूर्ण उतरायला ४५ ते ६० सेकंद लागतात, त्याआधी लांब पाइप भरायला काही मिनिटे. हँडब्रेक न लावलेल्या वाघिणींचे पिस्टन आत गेलेले डोळ्यांनी पाहावेत. त्यानंतर पाच मिनिटे गाडी जागची हलली नाही तरच इंजिन काढावे. तसूभर सरकली तरी ब्रेक लावून आणखी हँडब्रेक आवळावेत आणि पुन्हा पाहावे. लाक-मेगांटिकच्या चालकाने नेमकी ही एक पायरी इंजिनांचा हवेचा ब्रेक सोडून केली असती, तर गाडी त्याच्या डोळ्यांसमोर हलली असती आणि त्याला कळले असते.

इंजिन काढताना होणारी एक चूक वेगळी सांगायला हवी. वाघिणीचा अँगल कॉक, म्हणजे ब्रेक पाइपाच्या टोकाची तोटी, बंद करून इंजिन तोडले की हवा पाइपात कोंडली जाते. लांब गाडीत दाब सगळीकडे सारखा व्हायला वेळ लागतो. मागची जास्त दाबाची हवा पुढे येऊन थोडा दाब वाढवते आणि डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्हना वाटते की ब्रेक सोडायचा आहे. लावलेला ब्रेक पुढून सुटू लागतो. म्हणून पाइपातली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्यावी, मागे ठेवायच्या वाघिणींचा कॉक उघडा राहू द्यावा. मालधक्क्यावर वाघिणी हाताने पुढे-मागे करण्यासाठी डिस्ट्रिब्यूटर व्हॉल्व्हची रिलीज दांडी ओढून हवा सोडण्याची सवय असते. दांडी ओढलेली वाघीण पूर्ण मोकळी असते. ती पुन्हा बांधली नाही तर नंतर येणाऱ्याला ते कळायला मार्ग नसतो.

घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला ट्रक बंद पडला की क्लीनर उडी मारून आधी चाकामागे दगड लावतो, मग बाकीचे बघतो. नव्वद टनांच्या वाघिणींच्या रांगेला त्याहून कमी काळजी पुरत नाही.

आता घाटाकडे वळू. घाटात उभ्या गाडीबरोबरच उतरणाऱ्या गाडीचाही धोका आहे. गणितापुरते धरू की ५,३०० टनांची गाडी ३७ ला १ उतारावर ताशी ३० किलोमीटरने उतरते आहे. वेग वाढू न देण्यासाठी सुमारे १३२ टनांचा रोध सतत लागतो. मालगाडीच्या एका डब्ल्यूएजी-९ विजेच्या इंजिनाचा रिजनरेटिव्ह ब्रेक (मोटारींकडून उलट वीज तयार करून वेग रोखणारा) जास्तीत जास्त २६ टन देतो. दोन इंजिने ५२ टन पेलतील, उरलेले ८० टन वाघिणींच्या ब्लॉकवर पडतील. इंजिनांचा ब्रेक बंद पडला तर सगळेच, आणि तेव्हा ४६४ चाकांपैकी प्रत्येकावर सुमारे २३ किलोवॅट उष्णता सतत तयार होते. ब्लॉक तापले की त्यांचे घर्षण घटते. घर्षण घटले की वेग वाढतो, वेग वाढला की उष्णता आणखी वाढते. एका ठरावीक वेगापुढे गेलेली गाडी कितीही हवा लावली तरी थांबत नाही. म्हणून घाट उतरण्याआधी ब्रेकची चाचणी असते, वेगावर कडक बंधन असते. म्हणूनच घाटात कॅच सायडिंग, म्हणजे ताबा सुटलेली गाडी वळवून अडवणारे आडमार्ग, आहेत. त्यांचे सांधे, म्हणजे गाडीचा मार्ग बदलणारे रूळ, एरवी सायडिंगकडेच लावलेले असतात आणि गाडी ताब्यात आहे हे दिसल्यावरच मुख्य मार्ग मिळतो. बोर घाटातून जाताना मंकी हिल, नागनाथ, ठाकूरवाडी इथे गाडी का रेंगाळते म्हणून प्रवासी वैतागतात. तो वेळ वाया जात नसतो.

या हिशेबात वजनाचा आकडा चुकला तर काय होते ते कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला १२ मे १९८९ रोजी दिसले. ट्रोना या खनिजाने भरलेल्या ६९ वाघिणींचे वजन कागदावर अंदाजाने कमी लिहिले गेले. गाडी सुमारे ६,१५० टनांची समजून इंजिने दिली, प्रत्यक्षात ती ८,९०० टनांच्या आसपास होती. त्यात काही इंजिनांचे डायनॅमिक ब्रेक, म्हणजे मोटारींच्या साहाय्याने वेग रोखणारे ब्रेक, चालत नव्हते आणि हे पुढच्या चालकाला ठाऊक नव्हते. वेग आवरेना तेव्हा मागच्या इंजिनावरून इमर्जन्सी ब्रेक लावला गेला, आणि त्या इंजिनांच्या रचनेप्रमाणे उरलेला डायनॅमिक ब्रेकही त्यामुळे सुटला. गाडी वळणावर घसरून घरांवर गेली, चौघे मरण पावले. मलबा हटवताना जमिनीखालची पेट्रोलची वाहिनी दुखावली गेली होती. १३ दिवसांनी ती फुटून आणखी दोघे गेले. जेएनपीटीतून निघणाऱ्या गाड्यांसाठी हे आपल्या फार जवळचे आहे. निर्यातीच्या कंटेनरचे तपासलेले वजन देणे १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचे आहे. रेल्वेवर चढणारा प्रत्येक कंटेनर, आयातीचासुद्धा, तसाच वजनकाट्यावरून गेला पाहिजे. आणि पावसाळ्यात उघड्या वाघिणीतली वाळू, खडी, कोळसा पाणी पिऊन जड होतो, हे इंजिनांची संख्या ठरवताना धरले पाहिजे.

वजनाशी जोडलेला एक छोटा भाग म्हणजे बॉक्सएन वाघिणीवरचे रिकामी-भरलेली हे हँडल. एकूण वजन ४२.५ टनांच्या वर गेले की ते ‘भरलेली’वर हवे. माल भरल्यावर ते फिरवायचे राहिले तर भरलेल्या वाघिणीला रिकाम्या वाघिणीचा ब्रेक मिळतो. उलट झाले तर रिकाम्या वाघिणीची चाके लॉक होऊन रुळावर घासतात आणि चपटी होतात. माल भरणारा कंत्राटदार त्याकडे पाहत नाही, कारण ते त्याचे काम नाही. मग कोणाचे, ते प्रत्येक सायडिंगवर लिहून ठेवले पाहिजे.

गाडीच्या मध्ये कुठेतरी एक अँगल कॉक बंद राहिला तर त्याच्या मागच्या सगळ्या वाघिणी ब्रेकविना जातात, आणि इंजिनातल्या मापकावर पूर्ण ५ किलो दिसत राहतात. पॅरिसच्या गार द लियों स्थानकात २७ जून १९८८ रोजी अशाच एका बंद कॉकमुळे लोकल थांबू शकली नाही आणि ५६ जण गेले. तपासणीचा मार्ग जुना आणि खात्रीचा आहे. पुढून दाब उतरवायचा आणि शेवटच्या ब्रेकव्हॅनमधल्या मापकावर तो उतरतो का हे गार्डने, म्हणजे आताच्या ट्रेन मॅनेजरने, पाहून सांगायचे. ५६ वाघिणींपर्यंतच्या गाडीत मागे किमान ४.८ किलो दाब असावा, गळती मिनिटाला पाव किलोच्या आत असावी. ब्रेकव्हॅन काढून तिथे दाब कळवणारे यंत्र बसवण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते यंत्र केवळ दाब कळवणारे नको, मागून हवा सोडून ब्रेक लावू शकणारेही हवे. १ फेब्रुवारी १९९६ रोजी कॅलिफोर्नियातल्या कहोन खिंडीत अडलेल्या ब्रेक पाइपमुळे गाडी सुटून दोन कर्मचारी गेल्यावर अमेरिकेने तशीच सक्ती केली.

‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा आली की हे सगळे सुटेल, असे काही जण म्हणतात. कवचाची गरज आहेच. पण ते चालू इंजिनावर काम करते. बंद इंजिन किंवा इंजिनच नसलेली वाघिणींची रांग त्याच्या आवाक्यात येत नाही. तिच्यासाठी सायडिंगच्या तोंडाशी सांधे असे हवेत की सुटलेली वाघीण मुख्य मार्गावर न येता रुळावरून उतरेल किंवा डेड एंडला जाईल. प्रवासी मार्ग असा अलग ठेवण्याचे तत्त्व आपल्याकडे फार जुने आहे. जुन्या खासगी सायडिंगमध्ये ते आज प्रत्यक्षात चालू स्थितीत आहे का, हे जागेवर जाऊन पाहायला हवे.

मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे आणि या पट्ट्यातल्या सायडिंगधारकांकडे आमच्या मागण्या आहेत. कल्याण, दिवा, तळोजा, कळंबोली, पनवेल, जासई, तुर्भे इथल्या प्रत्येक मार्गिकेचा प्रत्यक्ष मोजलेला उतार आणि त्याप्रमाणे भरलेल्या व रिकाम्या रेकला लागणारे हँडब्रेक, हे कोष्टक मराठीत आणि हिंदीत फलकावर लावावे. हवेचा ब्रेक सोडून पाच मिनिटांची चाचणी झाल्याची वेळ स्टेशन मास्तरच्या डायरीत नोंदल्याशिवाय चालकाला गाडीवरून मोकळे करू नये. साखळ्या, कुलुपे आणि पाचरी मोजून त्याच मार्गिकेजवळ ठेवाव्यात. अर्धा किलोमीटर लांबच्या खोलीतून त्या आणायला लागल्या तर रात्रीच्या पावसात कोणी आणणार नाही. सहा-सहा हँडब्रेक दोन्ही टोकांना लावायचे म्हणजे सातशे मीटरच्या गाडीची एक फेरी, खडीवरून, अंधारात. बारा तासांची ड्युटी संपवून उतरणाऱ्या माणसाकडून ती नीट होईल अशी अपेक्षा धरणे चुकीचे आहे. त्यासाठी यार्डात वेगळी माणसे आणि रुळालगत चालण्याजोगी पायवाट व दिवे द्यावेत. सायडिंगमधल्या कंत्राटी शंटिंग कामगारांना हे प्रशिक्षण मिळाल्याचा दाखला तपासावा.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात सुटलेल्या गाडीचा प्रसंग स्वतंत्र धरावा. अग्निशमन दलाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवली पाहिजे. उभ्या गाडीचे इंजिन बंद करायचे असेल तर आधी रेल्वेच्या माणसाला बोलवा आणि हँडब्रेक लागलेत का ते विचारा. लाक-मेगांटिकला त्या रात्री हे विचारणारे कोणी नव्हते.

नागरिकांसाठी थोडे. उभ्या मालगाडीखालून वाकून पलीकडे जाऊ नका, सावलीला किंवा पावसात वाघिणीखाली बसू नका, मुलांना वाघिणींवर चढू देऊ नका. चाकाखालची पाचर, साखळी, वाघिणीखालचे कोणतेही हँडल किंवा कॉक याला हात लावू नका. इंजिन नसलेल्या वाघिणी सरकताना दिसल्या, किंवा चालकाविना गाडी जाताना दिसली, तर जवळच्या स्टेशन मास्तरला, फाटकवाल्याला किंवा १३९ क्रमांकावर लगेच कळवा. जागा सांगताना ओव्हरहेड वायरच्या जवळच्या खांबावरचा क्रमांक वाचून सांगा. ५४/१२ असा आकडा असेल तर त्यातला पहिला किलोमीटर आणि दुसरा खांबाचा असतो. एवढे सांगितले की नियंत्रण कक्षाला गाडी कुठे आहे ते नेमके कळते आणि पुढची फाटके बंद करता येतात. गाडी कोणत्या दिशेने जात आहे तेही सांगा.

आपले,
मालगाडी तपासणी व यार्ड कामातले काही निवृत्त कर्मचारी,
कळवा, ठाणे